नादारीच्या वकीलबाई

माणूस मारकुटा असावा आणि तरीही त्याच्या दारात लोकांनी सकाळपासून रांग लावावी, हे मी आयुष्यात एकाच बाईच्या बाबतीत पाहिलं. इंदूताई साळवे. मुरबाडच्या कोर्टात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. वकीलबाई म्हटलं की त्याच. बाकीच्या बायका वकील असल्या तरी त्यांना मॅडम म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शोकसभेत एक जण म्हणाला, "बाई मनानं फार कोमल होत्या." मला हसू आवरेना. अहो, कोमल कसल्या? माझ्यादेखत त्यांनी निदान अर्ध्या तालुक्याला हाणलं असेल!

माझं कोर्टासमोर टायपिंगचं दुकान आहे. मी शोभा. वकीलबाईंची ओळख झाली ती दुकान उघडलं त्याच आठवड्यात. गेटबाहेर एक दलाल बसायचा. कोर्टाची फी माफ करून देतो म्हणून म्हाताऱ्या बायकांकडून पैसे उकळायचा. माफीसाठी पैसे! बाई गेटातून आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, वाकून पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी ओढली. तो पळाला तर ह्या एका पायात चप्पल नि एक हातात अशा त्याच्या मागे बसस्टँडपर्यंत. परत आल्या त्या घामानं निथळत, आणि मला म्हणाल्या, "बघत काय बसलीस गो? कागद लाव. अर्ज सांगते."

तो अर्ज नादारीचा होता. पुढे मी असले अर्ज इतके टाइप केले की झोपेतही म्हणून दाखवीन. सरकारी मदत नाकारली, विमा नाकारला, पेन्शन बंद केली, तर त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. पण दावा लावायचा तर आधी कोर्ट-फी भरायची. ज्याच्यापाशी ती भरायला नाही, त्यानं अर्ज करायचा की मी नादार आहे. मग सरकारी वकिलाला नोटीस, समोरच्याला नोटीस, आणि अर्जदाराला पिंजऱ्यात उभं करून चौकशी. पटलं तर फी माफ आणि दावा आत. नाही पटलं तर दावा दारातच मेला. बाई म्हणायच्या, "शोभे, श्रीमंताला कोणी पुरावा मागत नाय. गरिबाला मात्र गरिबीपण शाबीत करावी लागते."

ही शाबिती त्या आधी माझ्या दुकानाच्या बाकावर करून घ्यायच्या. काय सांगू तो छळ! डोळखांबकडचा दादला असो की आटगावची विधवा, बाई समोर कंबरेवर हात ठेवून उभ्या. कोंबड्या किती? बकरी कुणाची? मोबाईल कुणी दिला? जावई काय करतो? माणूस गडबडला की टपली. खोटं बोलला की थोबाडीत. रडायला लागला की आणखी एक. "रडलास तर अर्ज गेला! समोरचा वकील तुझ्या डोळ्यांतलं पाणी पुसायला बसलेला नाय." मी एकदा म्हटलं, बाई, गरीब माणसं आहेत, जरा सबुरीनं घ्या. तर माझ्या टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून त्यांनी भिंतीला मारलं. पोपडा उडाला, तो अजून तसाच आहे.

पण त्यांचा सगळ्यांत मोठा राग फाटक्या कपड्यांवर. एका माणसाला कुणीतरी शिकवलं होतं की कोर्टात जाताना फाटकं घालून जा, साहेबाला दया येईल. तो आला ठिगळाची बनियन घालून. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरून बेंबीपर्यंत टराटरा फाडली, भर रस्त्यात. "फाटकं घालून भीक मागतात! आपण हक्क मागायला चाललोय. घरी जा, सणाला घालतोस ते घालून ये!" त्या दिवसापासून त्यांचं फर्मान सगळीकडे पसरलं की वकीलबाईंकडे जायचं तर नीट कपडे घालून जायचं. हेच फर्मान पुढे त्यांच्यावर उलटलं.

बुधाजी आणि त्याची बायको ठमीबाई वैशाखरेच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहायची. कुणबी माणसं, भाताचं एक वावर, तेही भाऊबंदकीत अडकलेलं. एकुलता मुलगा मारुती. वाडीच्या पाठीमागच्या डोंगरात खडीची खाण होती. तिथं शिट्टीही न वाजवता सुरुंग उडवायचे. मारुती वावरात होता. दगड आला आणि डोक्याचा वरचा भागच गेला. ठमीबाई भाकरी घेऊन निघाली होती, बांधावर तिनं ते पाहिलं. तिनं पदर सोडून सगळं गोळा केलं आणि पदरात घेऊन बसली. वाडीतल्या बायकांनी तिची बोटं एकेक करून उघडली तेव्हा कुठं तो पदर सुटला.

पंचनाम्यात काय लिहिलं गेलं? दारूच्या नशेत कड्यावरून पडला. मारुती दारूला शिवत नव्हता हो! पण कागदावर तेच आलं, आणि नशेत मेला म्हणून शेतकऱ्याच्या अपघात-विम्याची सरकारी मदत नाकारली गेली. वर अपील केलं, तेही फेटाळलं. आता उरलं कोर्ट. दावा उभा राहिला असता तर मारुती कशानं मेला याचा पुरावा निघाला असता आणि खाण उघडी पडली असती. म्हणून खाणवाल्याला हा दावा फीच्या उंबऱ्यावरच मरायला हवा होता. दाव्यात त्याचं नावही नव्हतं, पण नादारीच्या चौकशीला त्याचा मुकादम मागच्या बाकावर येऊन बसायचा.

बाईंनी बुधाजीला बाकावर बसवून नेहमीसारखं रगडलं. म्हातारा पक्का निघाला, एकही टपली खावी लागली नाही. जाताना बाई नवरा-बायको दोघांना म्हणाल्या, "तारखेला नीट कपडे घालून या. चार माणसांत जायचंय."

आणि ती आली! मी दुकानातून पाहिलं. ठमीबाईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ, हातात पाटल्या, कानात बुगड्या, नाकात नथ. मुलगा जाऊन वर्ष झालेली ती बाई, चेहरा कोळशासारखा, आणि अंगावर हे सगळं. त्या वाडीची रीत अशी की कुणी बाई चार माणसांत जायची असली, मग लग्न असो, दवाखाना असो की कोर्ट, तर घराघरातून एकेक डाग, म्हणजे दागिना, आणून तिच्या अंगावर घालायचा. वाडीची बाई उघडी गेली तर वाडीची अब्रू जाते. आणि रीतीचा दुसरा भाग असा की तो डाग कुणाचा, हे बाहेर कधी बोलायचं नाही. ज्यानं दिला त्यानंही नाही, आणि जिनं घातला तिनं तर मुळीच नाही. मेलं तरी नाही.

बाई आतल्या कोर्टात आधीच्या प्रकरणात उभ्या होत्या, मला त्यांना गाठता येईना. पुकारा झाला. बुधाजी पिंजऱ्यात चढला. विमावाल्यांचे वकील उठले आणि इतकंच म्हणाले, "साहेब, अर्जदाराच्या पत्नीकडे जरा पाहावं." साहेबांनी पाहिलं. सगळ्या कोर्टानं पाहिलं. साहेबांनी बुधाजीला विचारलं, "हे दागिने कुणाचे?"

बुधाजीनं छाती काढली. "आमचेच हायत साहेब."

मागच्या बाकावर मुकादम हसला. साहेबांनी पुढची तारीख दिली आणि बजावलं की समाधानकारक खुलासा झाला नाही तर अर्ज फेटाळीन.

बाहेर आल्यावर बाईंनी बुधाजीच्या सदऱ्याला धरलं आणि त्याला कडुलिंबाच्या खोडावर आदळलं. "कुणाचे हायत ते? बोल!" म्हातारा बोलेना. पुन्हा आदळलं. त्याच्या नाकातून रक्त आलं तरी बोलेना. ठमीबाई मध्ये पडली, "मारा बाई, मारा. पर ते नाय सांगणार. आमी वाडीत तोंड कसं दाखवू?" बाईंना सगळं समजलं. त्यांनी बुधाजीला सोडलं आणि स्वतःचा तळवा इतक्या जोरानं त्या खोडावर मारला की साल निघाली, हाताचीही आणि झाडाचीही. मग म्हणाल्या, "नीट कपडे घालून या, असं मीच बोलले होते." हे एकच वाक्य त्या हळू आवाजात बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "शोभे, दुकान बंद कर. वाडीत जायचंय." मी म्हटलं, "मी कशाला?" तर म्हणाल्या, "गाडीवर मागं कोणी बसलं की माझी गाडी सरळ जाते." असलं त्यांचं बोलणं. बसले त्यांच्या स्कूटीवर.

खाणीच्या फाट्याजवळ एक डंपर रस्त्यात आडवा लावलेला होता. मुकादम आणि दोघं जण उतरले. मुकादम म्हणाला, "वकीलबाई, परत जा. कशाला मेलेल्याच्या मागं लागता?" बाईंनी गाडी स्टँडवर लावली, कोटाच्या बाह्या वर केल्या आणि सरळ त्याच्या अंगावर गेल्या. मी ओरडतेय, "बाई, थांबा!" कुठल्या थांबतायत! त्यांनी मुकादमाच्या नाकावर डोकं मारलं. तो खाली बसला. मग त्या दोघांनी त्यांना धरलं. एकानं फावड्याचा दांडका कानशिलावर घातला. बाई गुडघ्यावर आल्या आणि त्याच्या मांडीचा लचका तोडला. तो गुरासारखा ओरडला. दुसऱ्यानं त्यांना केस धरून उभं केलं आणि दुसऱ्या कानाखाली, एकावर एक, एकावर एक. मी दगड उचलला, मारला, लागला कुणाला देव जाणे. एकानं मला ढकललं, मी नाल्यात पडले. वर चढून आले तेव्हा डंपर निघून गेला होता. बाई रस्त्यात बसून तोंडातला दात हातावर काढून बघत होत्या. दोन्ही कानांतून रक्त येत होतं.

"बाई, दवाखान्यात चला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "काय बोलतेस ते नीट बोल ना गो." मग माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि काय झालं ते त्यांना माझ्याआधी कळलं. उठल्या, स्कूटीला लाथ मारून ती सुरू केली. "आधी वाडी. मग दवाखाना."

बुधाजीच्या ओट्यावर बायका जमल्या. कुणी हळद आणली, कुणी पाणी. बाईंनी सगळ्यांचे हात झिडकारले आणि बोलायला लागल्या, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या आळीतले पुरुषही गोळा झाले. "ज्यांचे डाग असतील त्या सगळ्यांनी तारखेला कोर्टात यायचं. साहेबाला सांगायचं, हा डाग माझा. नायतर मारुती कायमचा दारुडा ठरला!"

बायका खाली बघायला लागल्या. एक म्हणाली, "बाई, दिलेल्या डागाचं नाव काढायचं म्हंजे ठमीला चारचौघांत उघडं करायचं. असं आमच्यात कोणी केलं नाय." ठमीबाई कोपऱ्यात तोंड झाकून बसली होती.

बाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही, पण माना नाही म्हणतायत हे दिसलं. त्यांनी रक्तानं भरलेला हात ओट्यावर आपटला. "हे बघा! ह्या वयात रस्त्यात केस धरून मारलं मला. मी लाजले काय? लाजायचं तर त्यानं लाजावं ना, ज्यानं मारलं!"

मग भिकाकाकू उठली. वाडीतली सगळ्यांत म्हातारी, सुईण. पुतळ्यांची माळ तिची. ती ठमीबाईपाशी गेली, तिच्या तोंडावरचा पदर काढला आणि म्हणाली, "ठमे, मारुतीला ह्या हातांनी बाहेर काढला मी. पोर मोठं का रीत मोठी? मी येणार. तू मला शिव्या दे." ठमीबाई तिच्या गळ्यात पडून ओरडून रडली. वर्षभर रडली नव्हती म्हणे.

डॉक्टरांनी कान तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही पडदे फाटलेत, ठाण्याला न्या, पण ऐकू यायची आशा फारशी धरू नका. मी कागदावर लिहून बाईंना दाखवलं. त्यांनी तो कागद फाडला. "तारीख झाल्यावर बघू. कोणाला बोलायचं नाय, शोभे. बहिरी वकील बघितली तर दुसरा वकील द्या म्हणतील, तारीख पुढं जाईल, आणि तोवर ह्या बायकांना कोणीतरी घाबरवील. तू दाराशी उभी राहा. माझी पाळी आली की मान हलव. बाकी मी बघते." पोलिसात तक्रार मी दिली, माझ्याच सहीनं. मुकादमाचं नाव घातलं. त्यानंतर तो कोर्टात दिसला नाही.

वकीलबाईंना काळ्या कोटात मी शेवटचं पाहिलं ते त्या तारखेला. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून बंद, ओठ शिवलेला. ठमीबाईला त्यांनी निरोप धाडला होता की त्या दिवशी घातलं होतं ते सगळं घालून ये, एक मणी कमी नको. साहेबांनी बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, तब्येत बरी नसेल तर तारीख देऊ का? बाई उत्तर देईनात. मी दारातून मान हलवली. बाई गरजल्या, "साहेब, खुलासा आणलाय! वाडीच्या बायका आल्यात!"

एकेक बाई पुढे आली. शपथ घेतली. "ही नथ माझी हाय," असं म्हणून एकीनं ठमीबाईच्या नाकातली नथ काढली. घाईत ओढताना नाकपुडीला लागलं, रक्ताचा थेंब आला. दुसरीनं बुगड्या काढल्या. तिसरी पाटल्या काढायला आली आणि तिथंच थबकली. साहेबांनी विचारलं, "तुमच्या आहेत ना?" ती म्हणाली, "माझ्याच. पर खोट्या हायत साहेब. खऱ्या मोडून खाल्ल्या, वाडीत कोणाला ठाऊक नाय." आपल्या वाडीच्या बायकांकडे तिनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. शेवटी भिकाकाकूनं पुतळ्यांची माळ काढली. ठमीबाईच्या गळ्यात काळ्या मण्यांचा एक दोरा राहिला. भर कोर्टात ती उघड्या गळ्यानं ताठ उभी राहिली. पिंजऱ्याजवळ उभा असलेला बुधाजी तिच्याकडे न बघता ढसाढसा रडत होता. माझ्यानं ते बघवेना. मुलाचं मढं पदरात घेतलेल्या बाईला फी माफ व्हावी म्हणून हे करावं लागतं? राग राग आला मला, कुणाचा ते सांगता येणार नाही.

मी मान हलवली. बाईंनी युक्तिवाद सुरू केला. गरिबाच्या अब्रूवर बोलल्या, रीतीवर बोलल्या, म्हातारा खोटं का बोलला ते सांगितलं. बोलता बोलता टेबलावर मुठी आपटत होत्या, ओठाचा टाका उसवला, हनुवटीवरून रक्त कोटावर यायला लागलं. विमावाल्यांचे वकील उठून म्हणाले, आमची हरकत नाही. सरकारी वकीलही म्हणाले, हरकत नाही. बाई बोलतच होत्या. साहेब म्हणाले, "वकीलबाई, अर्ज मंजूर. फी माफ." बाई बोलतच होत्या. साहेबांनी थांबा म्हणून हात वर केला. बाईंना वाटलं, आपलं बोलणं तोडतायत. त्या दुप्पट आवाजात कडाडल्या, "नाय थांबणार साहेब! तुरुंगात टाका मला! ह्या बाईचं पोर दगडानं मेलंय, दारूनं नाय!"

तेव्हा साहेबांना कळलं, सगळ्यांनाच कळलं. साहेबांचा हात तसाच वर राहिला.

ठमीबाई पुढे झाली आणि तिनं आपला मोकळा हात बाईंच्या तोंडावर ठेवला. बाईंनी तो हिसडला, मारायला हात उगारला, आणि ठमीबाई जोरजोरात होकाराची मान हलवतेय हे त्यांना दिसलं. त्यांनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं. कोर्टात ओरडायचं नसतं हे मला ठाऊक आहे. मी ओरडले, "मंजूर!"

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. "मंजूर?"

"मंजूर, बाई! दावा आत!"

त्यांनी बाहीनं हनुवटीवरचं रक्त पुसलं. साहेबांकडे वळल्या. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना आता कधीच कळणार नव्हतं. बाहेर रस्त्यावर चहावाल्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

"मग साहेब, आता विचारा, सुरुंग कोणी उडवला?"

साहेबांनी खाली मान घालून पुढची तारीख लिहिली.